स्टेशनरी आणि स्टेशनरी: एकाच शब्दाचे दोन कसे झाले

इंग्लिशमधे स्टेशनरी नावाचे दोन शब्द आहेत आणि देवनागरीत लिहिले की दोघांत काडीचाही फरक राहत नाही. रोमन लिपीत दोन्ही दहा अक्षरांचे, त्यातली नऊ अक्षरं सेम टू सेम, फक्त आठवं वेगळं, एकात ए आणि दुसऱ्यात ई. ए-वाला म्हणजे जागचा न हलणारा, स्थिर. ई-वाला म्हणजे कागद, पेनं, पाकिटं, लेटरहेड वगैरे. कानाचा इथे काही उपयोग नाही कारण उच्चार एकच आहे, ब्रिटिश लोक मधला स्वर गिळतात आणि अमेरिकन तो नीट म्हणतात पण दोघंही दोन्ही शब्द सारखेच म्हणतात. स्पेलचेकही लाल रेघ मारत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबरच.

मग लक्षात कसं ठेवायचं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, एन्व्हलपचा ई, म्हणून कागदवाल्या स्टेशनरीत ई. चालतं की, काम भागतं. पण ही नंतर कुणीतरी जुळवलेली युक्ती आहे, खरं कारण वेगळंच आहे आणि ते कळलं की युक्ती लागतच नाही. मुळात हे दोन शब्द योगायोगाने सारखे दिसत नाहीत, एकेकाळी तो एकच शब्द होता.

सुरुवात लॅटिनपासून. तिथे स्तारे म्हणजे उभं राहणं, त्यावरून स्तातिओ म्हणजे उभं राहायची जागा, ठाणं, चौकी. आपल्या स्थान, स्थिर, स्थानक या शब्दांमागे जो स्था धातू आहे तो आणि हा लॅटिन धातू एकाच मुळाचे, त्यामुळे रेल्वे स्टेशनला स्थानक म्हणणारा माणूस नकळत चुलतभावालाच हाक मारत असतो. तर या स्तातिओवरून स्तातिओनारिउस. रोमन साम्राज्यात रस्त्यांवरच्या चौक्यांवर नेमलेल्या शिपायांना हे नाव होतं. ठरलेल्या ठिकाणी थांबणारा माणूस, बस एवढाच अर्थ, त्यात कागदाचा काही संबंध नाही.

कागद आला (खरं तर आधी चर्मपत्र) मध्ययुगात. तेव्हा माल विकणारे बरेच जण गाठोडं पाठीवर टाकून गावोगाव, जत्राजत्रांतून फिरायचे. पण पुस्तकाचा धंदा असा फिरून होणारा नव्हता, एकेक पुस्तक हाताने लिहिलेलं, महाग, आणि गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठातले मास्तर आणि विद्यार्थी, ते एकाच ठिकाणी. म्हणून बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी विद्यापीठाच्या आसपास कायमचं दुकान मांडून बसणारे लोक तयार झाले आणि लॅटिनमधे त्यांना स्तातिओनारिउस म्हणायला लागले. दुकान न हलणारा तो स्टेशनर! म्हणजे कागदवाल्या शब्दाच्या पोटात 'न हलणारा' हा अर्थ पहिल्यापासून बसलेला आहे, आणि आज आपण नेमके हेच दोन अर्थ वेगळे ठेवायला धडपडतो.

या स्टेशनरचं काम काय होतं हे बघण्यासारखं आहे कारण ते आजच्या झेरॉक्सवाल्याच्या बरंच जवळ जातं. तेराव्या शतकात या विद्यापीठांमधे पेचिया नावाची पद्धत होती. अभ्यासाच्या पुस्तकाची एक तपासलेली मूळ प्रत स्टेशनरकडे असायची, पण ती बांधलेली नसायची, सुटे भाग करून ठेवलेली, एकेका भागात सहसा चार पानं. हा एकेक भाग म्हणजे पेचिया. विद्यार्थ्याने किंवा त्याने पैसे देऊन ठेवलेल्या लेखनिकाने एक भाग भाड्याने न्यायचा, उतरवून घ्यायचा, परत आणून पुढचा न्यायचा. फायदा उघड आहे, पूर्ण पुस्तक एकाच्या हातात वर्षभर अडकून पडण्याऐवजी दहा जण दहा वेगळे भाग एकाच वेळी उतरवतायत. लेखनिक बऱ्याचदा समासात बारीक अक्षरात आता कितवा पेचिया सुरू झाला ते लिहून ठेवायचे आणि अशा खुणा असलेली हस्तलिखितं आजही आहेत. विद्यापीठाचं स्टेशनरांवर बारीक लक्ष असायचं. पॅरिस विद्यापीठाने 1275 मधे त्यांच्यासाठी नियम केले, शपथ घ्यायला लावली. बोलोन्यात मूळ प्रतीत चुका निघाल्या तर दंड होता, आणि ते बरोबरच, कारण मूळ प्रतीतली एक चूक पुढे शंभर प्रतींत जाणार.

इंग्लिशमधे हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टेशनर म्हणून आला. लॅटिनचं लांबलचक शेपूट तुटलं आणि त्याजागी ई-आर आलं. हे ई-आर लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

लंडनमधे या लोकांची वस्ती सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या आजूबाजूला. 1403 मधे तिथल्या लेखनिकांनी, पानांवर चित्रं-नक्षी काढणाऱ्यांनी, बाइंडरांनी आणि पुस्तकविक्यांनी मिळून आपला संघ काढला. तेव्हा इंग्लंडमधे छापखाना नव्हता, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तो 1476 मधे. नंतर मुद्रक याच संघात आले आणि 1557 मधे राणी मेरी आणि तिचा नवरा फिलिप यांनी संघाला सनद दिली, की देशात छपाई करायची तर साधारण यांच्याच सभासदांनी. सरकारला छापील मजकुरावर पहारा हवा होता, स्टेशनरांना मक्तेदारी हवी होती, दोघांचं जमलं. या संघाच्या, म्हणजे स्टेशनर्स कंपनीच्या, रजिस्टरमधे सभासदाने पुस्तकाचं नाव नोंदवायचं, फी भरायची, की त्या पुस्तकाची कॉपी त्याची झाली, दुसऱ्या कुणी छापायचं नाही. यात लेखक कुठे? कुठेच नाही, हक्क छापणाऱ्याचा, लेखकाला एकदा काय हातावर ठेवलं असेल तेवढंच. आपण आज कॉपीराइट म्हणतो त्यातला कॉपी हा असा स्टेशनरांच्या वहीतून आलेला आहे. 1695 मधे छपाईच्या परवान्याचा कायदा मुदत संपून गेला आणि मक्तेदारीचा पाया खचला, मग 1710 मधे राणी ॲनच्या काळातला कायदा लागू झाला आणि त्यात पहिल्यांदा लेखकाला हक्क मिळाला, चौदा वर्षांचा, आणि तोवर लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा. हे थोडं विषयांतर झालं खरं, पण पेन-पेन्सिलीच्या शब्दामागे कॉपीराइटचा इतिहास निघतो हे सांगितल्याशिवाय राहवेना.

आता धंदा फुटला. छपाई वाढली तशी पुस्तक काढणारा, विकणारा, बाइंडिंग करणारा, कोरा कागद-शाई-हिशोबाच्या वह्या विकणारा असे वेगवेगळे लोक झाले. पुस्तकवाल्यांना बुकसेलर म्हणायला लागले आणि स्टेशनर हे नाव हळूहळू कागदवाल्यांकडे सरकलं. लगेच नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्लिश शब्दकोशात स्टेशनरचे दोन अर्थ आहेत, पहिला पुस्तकविक्या आणि दुसरा कागदविक्या. म्हणजे तोपर्यंत तरी जुना अर्थ जिवंत होता.

स्टेशनरच्या दुकानातल्या मालाला काय म्हणायचं, तर स्टेशनरी माल, आणि गंमत अशी की सतराव्या शतकात हे बऱ्याचदा ए घालूनच लिहिलेलं सापडतं. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, शब्द तोच, मूळ तेच, आणि स्पेलिंग पक्कं असलंच पाहिजे हा आग्रहच मुळात अजून यायचा होता. ई-वालं रूप अठराव्या शतकात नाम म्हणून रुळायला लागलं. कारण सरळ आहे. ग्रोसर विकतो ती ग्रोसरी, कन्फेक्शनर विकतो ती कन्फेक्शनरी, ड्रेपर विकतो ती ड्रेपरी, तसंच स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. धंदेवाल्याच्या नावातलं ई-आर जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे वाय लावायचा. 1786 मधे ब्रिटिश सरकारने सगळ्या खात्यांची कागद-पेनांची खरेदी एका ठिकाणी आणायला स्टेशनरी ऑफिस काढलं, ते खाजगी झालं थेट 1996 मधे.

ए-वाल्या शब्दाचा प्रवास यामानाने साधा आहे. तो दुकानात गेलाच नाही, विशेषण म्हणून पुस्तकातच राहिला आणि प्रायमरी, मिलिटरी, ऑर्डिनरी यांच्यासारखं लॅटिनचं ए-आर सांभाळून राहिला. इंग्लिशमधे सुरुवातीला तो ग्रहांसाठी वापरलेला दिसतो. ग्रह वक्री व्हायच्या आधी आणि मार्गी व्हायच्या आधी आकाशात थबकल्यासारखा दिसतो, आपल्याकडे त्याला ग्रह स्तंभी झाला म्हणतात, ती अवस्था स्टेशनरी. ग्रह खरोखर थांबत नाही, पृथ्वीवरून तसं दिसतं. पुढे विज्ञानाने हा शब्द भरपूर वापरला. जिओस्टेशनरी उपग्रह बघा, विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने पळत असतो आणि तरी नाव स्टेशनरी कारण पृथ्वीबरोबर फिरल्यामुळे खालून बघणाऱ्याला जागच्या जागी दिसतो. पहिला असा उपग्रह सिन्कॉम 3, 1964 सालचा, त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्याच्यावरून अमेरिकेत गेली.

आणि ही गोम: स्टेशनरमधलं ई-आर आणि स्टेशनरी विशेषणातलं ए-आर, दोन्ही त्याच आरिउस शेपटातून आलेत. एक बाजारातल्या तोंडी झिजून आलं, दुसरं पंडितांच्या हातून न झिजता आलं. असं इंग्लिशमधे बऱ्याच ठिकाणी झालंय. पीठ अर्थाचा फ्लॉवर आणि फुलाचा फ्लॉवर एकच शब्द, गव्हाचं 'फूल' म्हणजे त्यातला सगळ्यात चांगला भाग, स्पेलिंग नंतर वेगळं झालं. धातूचा मेटल आणि जिगर अर्थाचा मेटल, तेच. सावधपणे गप्प राहणारा डिस्क्रीट आणि सुटासुटा डिस्क्रीट, तेही तेच. ज्यांना अशा जोड्यांत गोंधळ होतो त्यांना मठ्ठ म्हणणारे लोक भेटतात, पण इंग्रजांनी स्वतः शेकडो वर्षं हे वेगळे ठेवले नव्हते.

वापराचं म्हणाल तर ए-वाला विशेषण आहे, ई-वाला नाम आहे आणि त्याचं अनेकवचन होत नाही, शेवटी एस लावून स्टेशनरीज लिहिलेलं बरंच दिसतं पण ते नको. पण नुसतं 'नामाच्या आधी आलं की ए' असं धरून चालू नका, स्टेशनरी कपाट आणि स्टेशनरी शॉपमधे नामाच्या आधी ई-वालाच येतो. ए घातलेली स्टेशनरी व्हॅन म्हणजे उभी असलेली व्हॅन, ई घातलेली म्हणजे कागद-वह्या पोचवणारी, मग ती ऐंशीच्या स्पीडने का जात असेना. शंका आली तर एकच विचारायचं, हे स्टेशनरच्या दुकानात मिळेल का? मिळत असेल तर त्याचं ई-आर.

फक्त जुनी कागदपत्रं वाचताना हा नियम मागे लावू नका. सोळाशे-सतराशेच्या एखाद्या इंग्लिश यादीत कागद आणि शाईच्या वर ए-वालं स्टेशनरी दिसलं तर लिहिणाऱ्या कारकुनाची ती चूक नाही, त्याच्या काळात ते चालत होतं.