समुद्रातलं सीझियम मोजणाऱ्या सारुहाशीबाई

विज्ञान दिनाला आपल्या इंदूरच्या मंडळात शाळकरी मुलींसमोर जपानी रसायनशास्त्रज्ञ कात्सुको सारुहाशींबद्दल बोलायचंय, पण मागचं काही माहीत नसेल तर त्यांनी नेमकं केलं काय ते कळायचं नाही, म्हणून ही पार्श्वभूमी आधीच टाकतेय. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली तेव्हा कोरियात लोकांनी मिठाचा साठा करून ठेवला होता, आणि इकडे आमच्या फॅमिली ग्रुपवर एका मावशीने विचारलं, अगं आपलं मीठ चालेल ना? आपलं बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे काळजीचं काहीच नव्हतं. पण मावशीचा प्रश्न अगदी रास्त होता. समुद्रात सोडलेलं जातं कुठे आणि ते मोजतं कोण, हे विचारायलाच पाहिजे.

हे मोजणं सुरू झालं १९५४ मध्ये. १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला, १५ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट, आणि त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षाही दुपटीहून मोठा. लकी ड्रॅगन नावाची जपानी ट्यूना पकडणारी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती, तरी तिच्यावर काही तास पांढरी राख पडत राहिली, प्रवाळाचा भुगा होता तो, किरणोत्सर्गी झालेला. बोटीवर २३ जण होते, सगळे आजारी पडले आणि रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. जपानभर मासे तपासून तपासून फेकून द्यावे लागले.

सारुहाशीबाई तेव्हा ३४ वर्षांच्या, टोकियोत हवामान खात्याच्या भूरसायन प्रयोगशाळेत मियाके यांच्या हाताखाली. त्याआधी विमा कंपनीत नोकरी केली होती, ती सोडून मुलींच्या विज्ञान कॉलेजात गेल्या आणि १९४३ मध्ये पदवी घेतली. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर त्यांचं काम आधीपासून चालू होतं. तापमान, आम्लता आणि क्लोराइडचं प्रमाण माहीत असलं की पाण्यात कार्बोनिक आम्लाची कोणती रूपं किती आहेत ते काढता येईल असा तक्ता त्यांनी १९५५ मध्ये छापला, आणि कॉम्प्युटर हाताशी येईपर्यंत जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ तोच वापरत राहिले. नुसता एवढा तक्ता केला असता तरी त्यांचं नाव राहिलं असतं. १९५७ मध्ये टोकियो विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

बॉम्बनंतर सरकारने याच लॅबला समुद्राचं पाणी तपासायला सांगितलं. यातली खरी अडचण समजून घ्यायला हवी. बॉम्बमधून जे किरणोत्सर्गी पदार्थ पसरतात त्यातला एक म्हणजे सीझियम-१३७. सीझियम हा सोडियम-पोटॅशियमच्याच कुटुंबातला, त्यामुळे शरीरही त्याला पोटॅशियमसारखंच घेतं आणि तो स्नायूंत जातो, माशाच्या काय नि माणसाच्या काय. आता समुद्राच्या पाण्यात सोडियम ढीगभर आणि हे सीझियम-१३७ इतकं कमी की बादल्याच्या बादल्या पाणी घ्यायचं, रसायन घालून त्यातून तेवढंच बाजूला काढायचं आणि मग त्याचं उत्सर्जन मोजत बसायचं. अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेट म्हणून एक पिवळी पावडर असते, ती सीझियम धरून ठेवते आणि तळाशी बसते, आजही ती वापरतात. हात जरा चुकला की आकडा गेला.

एवढा मोठा समुद्र, सगळं पातळ होऊन जाईल, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. सारुहाशी आणि मियाकेंच्या मोजमापात वेगळंच दिसलं. प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत बिकिनीचं पाणी जपानकडे आणतात, साधारण दीड वर्षात ते पोचलं, आणि जपानजवळ सीझियम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा बरंच जास्त भरलं. अमेरिकन शास्त्रज्ञांना हे पटेना, जपान्यांची पद्धतच चुकत असेल म्हणाले. मला या सगळ्या हकिगतीत इथे काय झालं ते सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण बाईंनी वाद घातला नाही, १९६२ मध्ये त्या कॅलिफोर्नियात स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत गेल्या आणि तिथले शास्त्रज्ञ फॉल्सम यांच्यासोबत तेच नमुने दोघांनी आपापल्या पद्धतीने तपासले. आकडे जवळजवळ जुळले. फॉल्समनाही मान्य करावं लागलं.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६३ ला, हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्या बंद करायच्या करारावर सह्या झाल्या. एकट्या त्यांच्यामुळे झाल्या असं कुणी म्हणू नये, पण चाचण्यांविरुद्ध जो पुरावा उभा राहिला त्यात हे आकडे होते.

१९५८ मध्ये त्यांनी जपानी महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारायला मदत केली, १९८० मध्ये निवृत्त झाल्या आणि १९८१ पासून पन्नाशीच्या आतल्या शास्त्रज्ञ महिलांसाठी सारुहाशी पुरस्कार सुरू झाला, तो अजून देतात. त्या २००७ मध्ये गेल्या.

त्यांच्या हवामान खात्याच्या संशोधन संस्थेने १९५७ पासून दर महिन्याला आकाशातून पडणारं सीझियम आणि तसंच किरणोत्सर्गी स्ट्राँशियम मोजायला घेतलं होतं. त्यातला चाचण्यांच्या काळातला सगळ्यात मोठा आकडा आहे जून १९६३ चा. करारानंतर तो उतरत गेला, १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातामुळे परत चढला, आणि मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा आधी किती होतं नि आता किती पडतंय हे ताडून बघायला जपानकडे पन्नासहून जास्त वर्षांची नोंद तयार होती.