रिलीज बेअरिंग सैल झालंय? पंच मारण्याआधी हे वाचा

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट बदलायला घेतली आणि लक्षात आलं की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) त्याच्या कॅरिअरवर, म्हणजे ते ज्या सरकत्या नळीवर बसतं तिच्यावर, घट्ट बसतच नाही, हाताने फिरतंय. मग तो कॅरिअर आमच्या लेथ वर्कशॉपमध्ये येतो. आला की आम्ही आधी बेअरिंगची सीट, म्हणजे कॅरिअरवर बेअरिंग बसतं ती जागा, बघतो, आणि बहुतेक वेळा तिच्यावर सेंटर पंचचे (हातोडीने ठोकायच्या टोकदार सळईचे) पंधरा-वीस टिपके मारलेले असतात. हे माहितीपत्रक त्या टिपक्यांसाठी लिहिलं आहे.

पंच का मारतात ते आम्हाला कळतं. टिपका मारला की त्याच्या कडेची धातू किंचित वर येते, बेअरिंग दाबून बसवलं तर अडकतं आणि हाताला घट्ट लागतं. गाडी जोडली जाते, चालूही लागते. पण बेअरिंग टेकलेलं असतं ते फक्त त्या उंचवट्यांच्या टोकांवर. बसवतानाच त्यातली निम्मी टोकं खरवडून जातात. उरलेली रोजच्या कंपनाने आणि पेडलच्या दाबाने झिजतात, आणि बेअरिंग पुन्हा सैल होतं. शिवाय सगळे टिपके एका उंचीचे कधीच नसतात. त्यामुळे बेअरिंग एका बाजूला कलतं, प्रेशर प्लेटच्या बोटांवर (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्यांवर) सारखं टेकत नाही आणि पेडलला पायाखाली थरथर जाणवते. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीपुढे आमचं काम किरकोळ असतं.

आमची अडचण निराळी आहे. मायक्रोमीटर लावला की माप त्या उंचवट्यांचं येतं, सीटचं नाही. सीट मुळात किती होती आणि किती झिजली, हे कळायची वाटच बंद होते. मग आधी सगळे टिपके लेथवर साफ करा, खाली चांगली धातू लागेपर्यंत उतरवत जा, आणि मग खरं काम सुरू करा. जे काम चिकटवून भागलं असतं त्याला स्लीव्ह (वरून चढवायची धातूची नळी) घालावी लागते. डब्याचा पत्रा गुंडाळून आणलेल्या कॅरिअरचीही हीच गत. वेल्डिंग तर कृपा करून नकोच. बरेच जुने कॅरिअर बिडाचे असतात आणि बीड वेल्डिंगच्या उष्णतेने तडकतं. असा कॅरिअर आम्ही परत देतो, कारण त्यावर काम करून तुम्हाला खोटी खात्री देणं आम्हाला जमत नाही.

‘एवढ्याशा रिंगला दोन दिवस कशाला?’ हा प्रश्न काउंटरवर रोजचा आहे. समजा सीट चाळीस मिलिमीटरची आहे. बेअरिंग नीट दाबून बसायला सीट बेअरिंगच्या भोकापेक्षा साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठी लागते. माणसाचा केस याहून जाड असतो. एवढं बारीक माप अंदाजाने येत नाही. म्हणून आम्ही कॅरिअर त्याच्या आतल्या भोकावरून मँड्रेलवर (भोकात नेमक्या बसणाऱ्या दांड्यावर) धरतो, म्हणजे सीट आणि भोक एकाच केंद्रात राहतात. झीज थोडी, म्हणजे काही शतांशाची असेल आणि सीट सरळ असेल, तर बेअरिंग बसवायचा खास चिकटद्रव वापरतो. हा द्रव हवा बंद झाल्यावर धातूला धरून घट्ट होतो. काही मिनिटांत पकडतो, पण पूर्ण ताकद यायला साधारण चोवीस तास लागतात. दुसरा दिवस लागतो तो यासाठी. साधा डिंक किंवा एपॉक्सी तिथे चालत नाही. आणि तुम्ही हाच द्रव आणून घरी लावणार असाल तर तेलाचा अंशही राहू देऊ नका. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी पकड कमी होते.

झीज जास्त असेल तर सीट उतरवून पोलादी स्लीव्ह गरम करून चढवतो, आणि ती चढल्यावर तुमच्या बेअरिंगच्या मापाला शेवटचा हात फिरवतो. तुमच्या बेअरिंगच्या, कॅटलॉगमधल्या नव्हे. म्हणूनच जे बेअरिंग गाडीत बसणार आहे तेच कॅरिअरसोबत आणा असं आम्ही सांगतो. दुकानातून ‘त्याच नंबरचं’ म्हणून दिलेलं बेअरिंग कधी कधी दुसऱ्याच मॉडेलचं निघतं. कॅरिअर ठणठणीत असतो आणि सैल असतं ते बेअरिंगच. अशा ग्राहकाला आम्ही काम न करताच परत पाठवतो. काम कमी मिळतं, पण तोच माणूस पुढच्या वेळी दुसरा भाग घेऊन येतो.

अजून एक गैरसमज दूर करायला हवा. कॅरिअरचं आतलं भोक गाईड ट्यूबवर (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवतीच्या नळीवर) सरकतं, आणि ते मोकळंच सरकायला हवं. क्लच प्लेटचा हब इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या लांबीच्या दात्यांवर) सरकतो, तोही मोकळाच. ‘इथेही जरा हलतंय, तेवढं टाइट करून द्या’ म्हणून आणलेले भाग आम्ही हात न लावता ठेवून देतो. ते घट्ट केले तर क्लच सुटणार नाही आणि गिअर घालताना करकर होईल. पण स्प्लाइनला पायरी पडली असेल, म्हणजे नख फिरवल्यावर अडकत असेल, तर त्यावर चिकटवण्याचा किंवा भरावाचा इलाज नाही. प्लेट बदला, आणि पायरी शाफ्टवर असेल तर शाफ्टही. काही फार जुन्या गाड्यांत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी कार्बनची रिंग असते आणि ती फोर्कमध्ये (बेअरिंग ढकलणाऱ्या दुबेळक्यात) क्लिपने धरलेली असते. तिला थोडा ढिलेपणा असतोच. तो दोष नाही.

बेअरिंग आमच्याकडून बसवून घ्या असा आमचा आग्रह असतो, आणि त्यात धंदा आहे हे लपवत नाही. पण कारणही आहे. कॅरिअरवर आतली रिंग बसत असेल तर दाब आतल्या रिंगवरच द्यावा लागतो. बाहेरच्या रिंगवर हातोडा पडला की सगळा ठोका गोळ्यांमधून जातो, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. प्रेसवर योग्य मापाची नळी लावून बसवायला पाच मिनिटं पुरतात.

गिअरबॉक्स खाली आहेच तर फोर्कची टोकं आणि गाईड ट्यूबही आणा. ट्यूबला खाच पडली असेल तर नव्या सीटवरचं बेअरिंगही अडखळत सरकेल. तपासणी आम्ही कामासोबतच करतो आणि झालेलं माप चिठ्ठीवर लिहून देतो, पुढच्या मेकॅनिकला उपयोगी पडतं. बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) साफ करताना हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या क्लच प्लेटच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

कॅरिअर रॉकेलने धुवून आणलात तर आमचा वेळ वाचेल. बेअरिंग मात्र धुऊ नका. त्यातलं ग्रीस कारखान्यात भरलेलं असतं, आणि एकदा धुतलं गेलं की ते आम्हालाही परत भरता येत नाही.