चार आकड्यांचा गुणाकार

विकसनशील देशाचं कार्बन उत्सर्जन पुढच्या वीस वर्षांत कुठवर जाईल, याचा अंदाज बांधायला चार आकडे पुरतात: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एक रुपया उत्पन्न मिळवायला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या दर एककामागे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. चौघांचा गुणाकार केला की एकूण उत्सर्जन मिळतं. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावावरून याला ‘काया समीकरण’ म्हणतात.

पहिल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराला आपण अर्थव्यवस्थेचा आकार म्हणतो. तो दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढतोय असं धरा. यंत्रं सुधारली आणि तिसरा आकडा वर्षाला 2 टक्क्यांनी उतरला. कामगिरी चांगलीच, तरी ऊर्जेची मागणी सुमारे 4 टक्क्यांनी वाढत राहते आणि साधारण 18 वर्षांत दुप्पट होते. उत्सर्जन आहे तिथेच थोपवायचं, तर तेवढ्याच काळात चौथा आकडा निम्म्यावर यायला हवा. फक्त वीजबचतीवर भिस्त ठेवणारे हा हिशेब सोयीस्करपणे विसरतात.

तिसरा आकडा फसवाही असतो. साध्या चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता वाया जाते. घरात गॅस आला की तोच स्वयंपाक कितीतरी कमी ऊर्जेत होतो, आणि देश कागदावर काटकसरी दिसू लागतो. जीवाश्म इंधनाचा वापर मात्र वाढलेला असतो. (धुरात बसणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांसाठी हा बदल व्हायलाच हवा, ते वेगळं.)

त्यात विकास म्हणजे घरं, पूल, धरणं, म्हणजे सिमेंट. त्यासाठी चुनखडी भाजावी लागते, आणि शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 44 किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. भट्टी सौरविजेवर चालवली तरी तो सुटणारच.

विजेचं तसं नाही. ती कोळशाशिवायही तयार होते. अडचण आहे ती वीजकेंद्राच्या आयुष्याची. कोळशावरचं केंद्र सहज 40 वर्षं चालतं आणि त्याच्या भांडवलावरचं कर्ज फेडायला ते चालवावंही लागतं. श्रीमंत देशांची बरीचशी केंद्रं आता म्हातारी झाली आहेत. विकसनशील देशाची कित्येक अजून कर्जाचे हप्ते भरताहेत आणि मागणी दुप्पट होताना लागणारी नवी तर अजून नकाशावरच आहेत.