वर्धा ते पाबळ : शाळेतल्या ‘प्रकल्पा’ची वाटचाल

आज ‘प्रकल्प’ म्हटलं की बऱ्याच घरांत स्टेशनरीचं दुकान आठवतं. चिकटवायची तयार चित्रं, नेटवरून उतरवलेला मजकूर, प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत ठरलेला साचा आणि निम्मं काम आईबाबांच्या हातचं. करत करत शिकण्याची ही पद्धत वर्गात आणणाऱ्यांच्या मनात मात्र वेगळंच काही होतं आणि त्यातला मोलाचा भाग महाराष्ट्रातच घडला आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. मुलं तिथे सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम करत. एकदा त्यांच्या हाती लोकर आणि बोंडातला कापूस दिला. अर्धा तास सरकी वेगळी करूनही एक औंससुद्धा कापूस निघाला नाही. पूर्वीचे लोक सुतीपेक्षा लोकरीचे कपडे का वापरत, हे मुलांना सांगावं लागलं नाही. बोटांनाच ते कळलं होतं. ड्यूईंच्याच विचारातले विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर लेख लिहिला आणि हेतू, आखणी, कृती, पारख असे तिचे टप्पे मांडले.

आपल्याकडे हा विचार आला तो गांधीजींच्या स्वतंत्र वाटेने. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवालही आला. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण, आणि त्याच्या मध्यभागी एक हस्तोद्योग. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं उद्योगाला दिली होती. गणित, भूगोल, विज्ञान हे सारं त्या उद्योगाच्या ओघात यायचं. यालाच समवाय पद्धत म्हणत. टकळीवर निघालेलं सूत मोजताना अंकगणित, कपाशीच्या निमित्ताने माती आणि पाऊस, कापडाच्या निमित्ताने इंग्रजांचा व्यापार. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने हे प्रत्यक्षात चालवून दाखवलं.

विरोध पहिल्या दिवसापासून होता. मुलांच्या मालाने शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच आक्षेप घेतला: हा माल बाजारात कारागिरांच्या पोटावर येईल. मला तो आक्षेप आजही रास्त वाटतो. पुढे १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा सरकारी आधार गेला. स्वातंत्र्यानंतर पालकांना हवी होती नोकरी मिळवून देणारी शाळा. सूतकताई त्यांना मागे नेणारी वाटली. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली खरी, पण बहुतेक शाळांत तो कागदी फुलं आणि तोरणांच्या तासापुरता उरला.

याच आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. त्यांच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधाराने १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात राहायला गेला. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग करावं, फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) टाकी बांधावी, शेतकऱ्याच्या मातीची तपासणी करून द्यावी, असा त्यांचा अभ्यासक्रम. टाकी गळली तर घरमालक बोलणार, त्यामुळे घनफळ आणि सिमेंट-वाळूचं प्रमाण चुकवून चालत नसे. मुलाच्या कामाची गावात कुणाला तरी खरीच गरज असणं, हे मला पाबळचं सगळ्यात मोठं योगदान वाटतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली.

म्हणूनच २००८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने अमेरिकेत ‘आव्हानाधारित शिक्षण’ मांडलं, तेव्हा त्यातलं मर्म आपल्याला परकं नव्हतं. आसपासचा खरा प्रश्न निवडायचा, त्याचा शोध घ्यायचा, उपाय तिथेच अमलात आणून लोकांसमोर ठेवायचा. नवीन होती ती साधनं: कॅमेरा, संगणक, नेटवरची माहिती.

दरम्यान २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाला जागा मिळाली. हेतू चांगला होता. पण गुण वहीवर मिळू लागले आणि भरलेल्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या कामाशेजारी बसायला वेळ कुठून मिळणार? तयार प्रकल्पांचा बाजार याच फटीतून वाढला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. पाबळचा अभ्यासक्रम नववी-दहावीला ‘मल्टी स्किल’ या नावाने काही शाळांत चालतो, आणि सेवाग्रामला २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून गणित आणि विज्ञान शिकतात.