शेजारी देशांतील मुक्त व्यापार वाटाघाटी आणि राजनय : भारत–श्रीलंका करार

शेजारी देशांतील मुक्त व्यापार वाटाघाटींत आयातशुल्काच्या आकड्यांमागे परस्परविश्वास, सुरक्षा आणि प्रादेशिक वर्चस्व यांचा हिशेब असतो. दक्षिण आशियातील याचे ठळक उदाहरण म्हणजे अटलबिहारी वाजपेयी आणि चंद्रिका कुमारतुंगा यांनी २८ डिसेंबर १९९८ रोजी नवी दिल्लीत केलेला आणि १ मार्च २००० पासून अमलात आलेला भारत–श्रीलंका मुक्त व्यापार करार.

श्रीलंकेतील यादवी थांबवण्यासाठी तिथे गेलेली भारतीय शांतिसेना १९९० मध्ये परतली, तेव्हा दोन्ही देशांचे संबंध पुरते ताणलेले होते. १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका या शेजाऱ्यांना परतफेडीची अपेक्षा न ठेवता सवलती देण्याचे सूत्र मांडले आणि सरकार बदलल्यावरही ते या करारात उतरले. शुल्कमुक्तीसाठी भारताने स्वतःला तीन वर्षे घेतली, श्रीलंकेला आठ दिली. सवलतीतून वगळलेल्या वस्तू भारताच्या यादीत ४२९, तर श्रीलंकेच्या यादीत ११८० होत्या.

मात्र देशांतर्गत हितसंबंध आड येताच हे औदार्य आखडले. श्रीलंकेचा चहा वर्षाला १ कोटी ५० लाख किलोपर्यंतच आणि तयार कपडे ८० लाख नगांपर्यंतच सवलतीत येऊ शकत, त्यांतही ६० लाख नगांना भारतीय कापड वापरण्याची अट होती, आणि हा माल ठरावीक बंदरांतूनच उतरवावा लागे. श्रीलंकेची निर्यात प्रामुख्याने याच दोन वस्तूंवर उभी असल्याने ही बंधने तिला विशेष जाचली. पुढे, आयात केलेल्या पामतेलापासून श्रीलंकेत बनवलेले वनस्पती तूप भारतात शुल्काविना येऊ लागले, तेव्हा इथल्या उत्पादकांनी ओरड केली आणि त्यावरही वार्षिक मर्यादा आली. करार राजनयिक हेतूने झाला, तरी तो चालवताना तक्रारी ऐकाव्या लागल्या त्या कारखानदारांच्या आणि मळेवाल्यांच्या.

सेवा व गुंतवणूक यांचा समावेश असलेला विस्तृत करार २००८ मध्ये स्वाक्षरीच्या उंबरठ्यावर आला होता, पण श्रीलंकेतील उद्योजकांच्या आणि व्यावसायिकांच्या विरोधामुळे तो बारगळला. मोठ्या शेजाऱ्याची माणसे आपल्या नोकऱ्या घेतील, ही त्यांची भीती होती आणि ती दिल्लीने पुरेशी गंभीरपणे घेतली नाही. तोच विषय नव्या नावाने २०१६ पासून पुन्हा चर्चेला घेण्यात आला. मध्यंतरी खंडित झालेल्या या वाटाघाटी २०२३ मध्ये परत सुरू झाल्या.