मृदू द्रव्य : रासायनिक अभियंत्याचे संशोधनक्षेत्र

धड द्रव नाही, धड घन नाही अशा पदार्थांना मिळून ‘मृदू द्रव्य’ म्हणतात. खळ, साबणाचा फेस, ऑइलपेंट, रबर, दही, रक्त ही सगळी त्यातलीच. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल (२०० अब्ज पास्कल) असतो. मऊ जेलचा असतो जेमतेम काही हजार पास्कल, म्हणजे जवळपास दहा कोटी पटींनी कमी. म्हणूनच बोट लावले की अशा पदार्थाचा आकार बदलतो. पण तो किती बदलेल, किती वेळात आणि पुन्हा मूळपदावर येईल का, हे सांगणे अवघड असते. या प्रश्नांवर जगभरचे अनेक रासायनिक अभियंते आयुष्यभर प्राध्यापकी करतात.

सोलापुरात याचे सर्वांत बोलके उदाहरण मागाजवळ सापडते. एकपदरी सुताचा ताणा (मागावरचे उभे धागे) तसाच मागावर चढवला, तर फणीच्या घासण्याने सुताची लव सुटते आणि तार तुटते. म्हणून ताण्याला खळ देतात. जुने विणकर या कामाला पांजणी म्हणत, यंत्रमागवाले ‘सायझिंग’ म्हणतात. मक्याचा स्टार्च गार पाण्यात कालवला तर तळाशी बसतो. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, आतले अमायलोज (स्टार्चचाच एक घटक) बाहेर झिरपते आणि पांढुरके पाणी घट्ट खळ होते. ती ढवळली की सैल पडते, निवली की थिजते. फार पातळ असेल तर सुताच्या गाभ्यात मुरून ते ताठर करते. फार घट्ट असेल तर वरवर बसते आणि मागावर झडते. कापड विणून झाल्यावर हीच खळ स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज विकराने (एन्झाइमने) काढावी लागते आणि ते पाणी सांडपाण्यात जाते. श्यानता (द्रवाचा दाटपणा), उष्णतेचे वहन, विकराची क्रिया, सांडपाणी असा रासायनिक अभियांत्रिकीचा निम्मा अभ्यासक्रम एका कढईत शिजतो.

स्वयंपाकघरातही हेच. ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून पिठात आधणाचे पाणी घालतात. थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. तीच भाकरी वाळवून कडक भाकरी केली, की पाणी गेल्यामुळे स्टार्च काचेसारख्या अवस्थेत जातो आणि कटकन मोडतो. पॉलिमरच्या (स्टार्च, रबर यांसारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या) पुस्तकात याला काच-संक्रमण म्हणतात.

या शाखेचे नाव तसे अलीकडचे, पण पाया जुना आहे. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या अस्थिर हालचालीचा हिशेब मांडला. पदार्थ कसे वाहतात याचा अभ्यास, म्हणजे रीऑलॉजी, हे नाव युजीन बिंगहॅम यांनी १९२०च्या दशकात रूढ केले. मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये ‘डेबोरा अंक’ सुचवला. पदार्थाला सैलावायला लागणारा वेळ आणि आपण त्याकडे पाहतो तो वेळ, यांचे हे गुणोत्तर. थोडक्यात, घन की द्रव हे पाहणाऱ्याच्या सबुरीवरही ठरते. १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या प्येर-जिल द जेन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचे नावच ‘मृदू द्रव्य’ ठेवले आणि हा शब्द पक्का झाला.

भौतिकशास्त्रज्ञाला यात नियम शोधायचा असतो, तर अभियंत्याला हाच माल हजार लिटरच्या टाकीतून नळीत ढकलायचा असतो. म्हणूनच या क्षेत्रात अभियंत्यांचे वजन आहे. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण रघुनाथ माशेलकरांचे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (आजची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) १९६६ मध्ये पदवी, १९६९ मध्ये पीएच.डी., मग इंग्लंडमध्ये सॅल्फर्डला अध्यापन आणि १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आगमन. अ-न्यूटनीय द्रव (ढवळण्याच्या वेगाप्रमाणे दाटपणा बदलणारे), पॉलिमर आणि फुगणारी जेल हा त्यांच्या कामाचा गाभा. १९८९ मध्ये ते तिथले संचालक झाले आणि १९९८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. पुढे प्रशासक म्हणून त्यांचे नाव इतके गाजले, की त्यांचे जेलवरचे काम मागे पडल्यासारखे वाटते.

आजची वाट ठरलेली आहे, पण लांब. चार वर्षांची पदवी, गेट ही प्रवेशपरीक्षा, एम.टेक. किंवा थेट पीएच.डी., मग एकदोन ठिकाणी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधन) आणि त्यानंतर सहायक प्राध्यापकपद. विशीच्या सुरुवातीला निघालेला माणूस स्थिरावेपर्यंत तिशी गाठतो. रीओमीटरच्या, म्हणजे पदार्थाचे वाहणे मोजणाऱ्या यंत्राच्या, शंकू आणि तबकडीच्या फटीत थेंबभर माल घालून आलेख काढण्यात यातली बरीच वर्षे जातात. नमुना कडेने सुकला की दिवस वाया. सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी ही वाट बहुधा पुण्यामुंबईतून जाते. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पुण्यात आहे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की दुपारच्या आत तिथे पोचता येते. सायझिंगच्या कढईत वाढलेल्या मुलाला तिथे नवीन असते ते समीकरण. खळ त्याने आधीच पाहिलेली असते.