नैराश्याची गोळी : सुरू करताना, सोडताना

"आते बरं वाटस, मंग गोळी कसाले?" रावेर-यावलकडचे आमचे ग्राहक औषध दुकानाच्या काउंटरवर हे विचारतात. विचारतात ते चांगलंच. न विचारता गोळी सोडणाऱ्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांचा फरक दिसायला 2 ते 4 आठवडे जातात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, झोप उडणं मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. आधी त्रास, मग गुण. आणि नेमकं इथेच माणूस कंटाळतो. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत उतरतो. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं हाही गोळीचाच परिणाम असू शकतो आणि तो आपोआप जाईलच असं नाही. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.

रुग्ण 25 वर्षांखालचा असेल तर घरच्यांनी फार जपावं. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर जीव देण्याचे विचार वाढू शकतात. गोळ्या जाणत्या माणसाच्या ताब्यात ठेवा, फवारणीची औषधं कुलपात. असे विचार बोलून दाखवले तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस मोफत आहे.

बरं वाटल्यावरही उपचार साधारण 6 ते 9 महिने चालतो. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. हे व्यसन नव्हे. डोस हळूहळू उतरवला की त्रास टळतो किंवा कमी होतो. सोबत दिलेल्या क्लोनाझेपाम या बेचैनी-झोपेच्या गोळीची मात्र सवय लागू शकते. ती सांगितलेल्या दिवसांपुरतीच घ्या, पण तीही मनाने तोडू नका.

कापूस वेचून, केळीचे घड वाहून अंग दुखलं की लोक कुठलीही गोळी मागतात. इथे आम्ही हात आखडता घेतो, राग मानू नका. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी नैराश्याच्या गोळ्यांसोबत घातक ठरू शकते : कंप, ताप, दरदरून घाम, भ्रम झाला तर थेट दवाखाना. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सोबत घेतल्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला काळी झाली तर थांबू नका. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. म्हणून दुखण्याची गोळी मागताना 'मनाचीही गोळी चालू आहे' एवढं हळूच सांगा. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही, याची काळजी आम्ही घेऊ.

म्हाताऱ्या माणसांच्या अंगातलं मीठ या गोळ्यांनी कमी होऊ शकतं. ते असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला तर 'उन्हाळा लागला' म्हणून घरी बसवू नका, रक्तातलं सोडियम तपासून घ्या.

चिठ्ठीशिवाय आम्ही ही गोळी देत नाही, शेजारच्याची चिठ्ठीही चालत नाही. कामासाठी सुरतला निघालात तर मुक्काम पुरेल एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठी पिशवीत आहे ना, हे बसस्टँडवर जाण्याआधी पाहा.